बसा, उतरा, खांद्यावर

आबांच्या लेखी जगात वाटा तीनच प्रकारच्या होत्या. जिच्यावर सायकलवर बसून जाता येतं ती, जिच्यावर उतरून सायकल ढकलावी लागते ती, आणि जिच्यावर सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते ती. मुळशीच्या डोंगरात तिसऱ्या प्रकारच्या वाटा मुबलक. आबा म्हणजे माझे वडील, हिवतापाच्या कामावर होते. धरणाच्या काठच्या आणि वर डोंगरातल्या प्रत्येक वस्तीत दर पंधरा दिवसांनी जायचं, घरात कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि जाताना दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. खात्यात त्यांच्या पदाला लांबलचक नाव होतं. डोंगरात त्यांना तापवाला म्हणत.

खात्याच्या छापील कागदावर 'कापलेले अंतर' असा एक रकाना होता. आबा तो इमानाने भरत, पण त्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "मैल खोटं बोलत्यात," ते म्हणायचे. "सडकंचा मैल आन खिंडीचा मैल एकाच पगारावर कसा?" म्हणून त्यांनी स्वतःची एक लांबट वही केली होती. तिच्यात प्रत्येक फिरती अक्षरांत लिहिलेली असे. ब म्हणजे बसा, उ म्हणजे उतरा, ख म्हणजे खांद्यावर. 'ब ब उ ब, मोठा आंबा, उ उ ख, झरा, ब, कुत्रं (काळं), ख ख' अशी ती ओळ पानभर चाले. ती वाचताना मला दम लागायचा. पुढे मी नोकरीची सगळी वर्षं पुस्तकांच्या कपाटांमध्ये काढली, प्रवासवर्णनं तर ढिगाने वाचली, पण रस्त्याबद्दल इतकं खरं बोलणारा मजकूर फार थोड्या ठिकाणी सापडला.

आमचं घर पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या सडकेला लागून असलेल्या बुद्धवाडीत. संध्याकाळी सडकेच्या वळणावर सायकलच्या चेनकव्हरचा खडखडाट ऐकू आला की आई चुलीवर तवा ठेवायची. खडखडाट संथ असला तर आबा दमलेत, मग ती बोलायची नाही. पाठोपाठ लाकडी पेटीतल्या काचपट्ट्यांची किणकिण अंगणात यायची. पेटी कुणीही हलवायची नाही असा नियम होता, कारण तिच्यात अख्ख्या खोऱ्याचं रक्त असे. जेवायला नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, आणि सुगी झाल्यावर काही दिवस नव्या आंबेमोहोराचा भात. तो शिजताना आमच्या वाडीलाही श्रीमंतीचा वास यायचा. जेवताना आबा दिवसभराची हकिकत सांगायचे. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाची म्हातारी गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकली, कुठल्या वस्तीत नवं कुत्रं आलं. आम्ही डोंगरात न जाता डोंगर ओळखत होतो.

अकराव्या वर्षापासून मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायला लागले. आधी कॅरिअरवर बसून, मग पुरुषी सायकलच्या दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत, आणि पाय पुरायला लागल्यावर रीतसर सीटवर. आईला ते पसंत नव्हतं. "पोरीची जात, पाय फाकून बसती गावातनं," ती म्हणायची. आबांनी त्यावर तोडगा काढला. त्यांची जुनी खाकी अर्धी चड्डी लहान करून दिली, ती मी शाळेच्या निळ्या स्कर्टच्या आत घालायची. आईचं समाधान झालं नाही, पण तिचा मुद्दा मात्र संपला.

मी दहावीत असताना, भाताची झोडणी चालू असतानाच्या दिवसांत पुण्याहून एक सायकल मंडळ येणार असल्याची खबर तालुक्याला लागली. इतिहासाच्या वाटांवरून सायकलने जायचं, घनगडाच्या पायथ्याच्या गावी मुक्काम करायचा, तिथे सभापतींच्या हस्ते सत्कार घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं, असा बेत होता. मंडळात बाराजण. त्यांत एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक चिटणीस, एक खजिनदार, एक सहखजिनदार, दोन सल्लागार, आणि उरलेले पाच सदस्य. सदस्य पदाधिकाऱ्यांपेक्षा कमी असलेल्या बऱ्याच संस्था मी पुढे पाहिल्या. ही पहिली. वाटाड्या म्हणून आबांच्या खात्याच्या तालुक्यातल्या साहेबांनी आबांचं नाव सुचवलं होतं, कारण त्या बाजूला सायकल नेणारा दुसरा माणूसच नव्हता.

आणि आदल्या दिवशी आबांना हुडहुडी भरली. अंगावर दोन वाकळा, घोंगडी, तरी दात वाजत होते. खोऱ्यातल्या प्रत्येकाचं बोट टोचणाऱ्या माणसाने स्वतःचं बोट टोचताना केलेलं तोंड मी विसरणार नाही. मग त्यांनी नियमाप्रमाणे काचपट्टीवर स्वतःचं नाव लिहिलं, कडू गोळ्या घेतल्या आणि दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही केली.

सकाळी साहेबांची जीप अंगणात आली. मागून बाराजण सायकलींवर. बहुतेकांच्या सायकली वाकड्या शिंगांच्या, चकचकीत, वजनाला हलक्या. अध्यक्ष साठीच्या आसपासचे, ताठ, मिशा वळवलेल्या, डोक्याला भगवा फेटा. फेटा बांधून सायकल चालवणं अवघड असतं, पण निघताना फोटो काढायचा होता. आबा वाकळ पांघरून उंबऱ्यात येऊन बसले.

"आता काय करायचं?" साहेब वैतागून म्हणाले. "सभापती चार वाजता तिथे हार घेऊन उभे राहणार."

"माझी सुमन नेईल," आबा म्हणाले.

साहेब हसले. "ही? पंधरा वर्षांची पोरगी?"

"चार वर्सं माझ्यासंगं फिरतीया. वाट तिला पाठ हाय."

"आणि कुणी हरवलं, पडलं, तर जबाबदार कोण?"

आबांचे दात वाजत होते, पण शब्द स्पष्ट होते. "मी. बाराच्या बारा नेईल आन उद्या बाराच्या बारा हितं आणंल. एक जरी कमी झाला तर ही वही तुमच्या टेबलावर ठिवतो. माझी फिरती दुसऱ्याला द्या."

फिरती म्हणजे आमची भाकरी होती, आणि भाकरीपेक्षा जास्त म्हणजे आबा स्वतः होते. साहेबांनी खांदे उडवले. "तुमची मर्जी. लक्षात ठेवतो." आई चुलीपाशी उभी होती. तिने माझ्या पाठीला फडक्यात बांधलेल्या भाकरी बांधल्या आणि कानात म्हणाली, "त्यो तापात बोललाय. तू शुद्धीत जा." आबांनी वही माझ्या हातात दिली आणि एकच सांगितलं, "कुणी चुकला तरी त्याच्यासंगं चुकायचं. मानसं सोडायची न्हाईत."

आबांची चोवीस इंची काळी सायकल घेऊन मी पुढे निघाले. अध्यक्षांनी मला थांबवून सांगितलं, "बाळ, तू पुढे राहा, पण दिशा मी देईन." त्यांच्याकडे नकाशा होता. उपाध्यक्षांच्या खांद्याला चामड्याची लांब नळी लटकत होती, तिच्यातून तो अदबीने निघायचा. कापडावर चिकटवलेला, कडेला पिवळा पडलेला, गोऱ्या साहेबाच्या काळातला. मी वही दाखवली. त्यांनी दोन पानं चाळली. "यात उत्तर दिशा कुठे आहे? प्रमाण काय? याला नकाशा म्हणत नाहीत, बाळ." चिटणीस म्हणून एक तरुण, चष्मा लावलेला, बडबड्या माणूस होता. तो वाकून बघत म्हणाला, "अध्यक्ष, पण यात कुत्रं आहे. आपल्या नकाशात कुत्रं नाही."

धरणापर्यंतची सडक नुसती ब होती. अध्यक्ष प्रत्येक जुन्या दिसणाऱ्या वस्तूपाशी थांबून माहिती देत. एका पोखरलेल्या दगडापाशी त्यांनी सांगितलं की लष्कराच्या घोड्यांना इथे पाणी पाजत असत. ती डोणी गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एकाने बैलांसाठी आणून ठेवली होती, मी स्वतः ती ढकलायला होते. पण सगळ्यांनी तिचा फोटो घेतला होता, आणि फोटो काढून झालेल्या इतिहासाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

धरण मागे पडल्यावर फाटा आला. उजवीकडे आबांची वाट, चढाची. डावीकडे एक जुना, रुंद, गवत माजलेला गाडीरस्ता मस्त उतरत खाली गेलेला. नकाशा निघाला. "डावीकडे," अध्यक्ष म्हणाले. "हा खरा जुना मार्ग. नदीच्या काठाने सरळ जातो. सैन्य इथूनच गेलं."

"सर, तिकडं पाणी हाय."

"नकाशात नाही."

"नकाशा जुना असंल, सर."

"म्हणून तर आणला," ते म्हणाले. "आणि हा सरकारने छापलाय, समजलीस?"

"व्हय सर. सरकारनंच मागनं त्याच्यावर पाणी सोडलं."

चिटणीस हसला आणि ते हसणं महागात पडलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, त्यांनी हात वर केला आणि उतारावर सायकल सोडली. अध्यक्षांमागे मंडळ गेलं. मी फाट्यावर एकटी उभी राहिले. उजवीकडे गेले असते तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि बारा माणसं सुटली असती. मी डावीकडे वळले. चूक माहीत असताना दुसऱ्याच्या चुकीत सामील व्हायला फार ताठ मान लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

दोनेक मैल उतरल्यावर झाडी संपली आणि रस्ता शांतपणे पाण्यात शिरला. कुठे तुटला नाही, वळला नाही. कडेचे दगडही रांगेने पाण्यात उतरत गेले होते, जणू पुढे गाव आहे आणि जायचंच आहे. वारा नव्हता. पाणी थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत. अध्यक्ष सायकल धरून काठावर उभे होते आणि त्यांच्या पुढच्या चाकाला पाणी लागलं होतं.

मी जवळ गेले आणि म्हणाले, "सर, नकाशा बघू?" त्यांनी उलगडला. नदीच्या बारीक रेघेवर मी बोट ठेवून सरकवत नेलं आणि एका नावाशी थांबले. इंग्रजी अक्षरांत होतं, पण वाचता आलं. "हे आमचं गाव. माझ्या आज्याचं. ह्या पाण्याखाली." नावापाशी घरांचे बारीक चौकोन एकत्र दाटलेले, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला, ओढ्यापलीकडे, तीनच चौकोन वेगळे. मी तेही दाखवले. "आन हे आमी."

छापलेल्या कागदावर आमचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या गोऱ्या साहेबाचं मला कौतुक वाटलं. बुडालेलं गाव त्याला बुडण्याआधी दिसलं होतं, आणि बाजूला काढलेली घरं त्याने बाजूलाच काढली होती, लपवली नव्हती. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ त्या तीन चौकोनांकडे पाहिलं. मग फेटा सोडून घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाले, "सुमन, तुझी वही काढ."

बाळची सुमन झाले होते.

उताराने आलेले दोन मैल आता चढायचे होते. सगळे उ. फाट्यावर येईपर्यंत दुपार झाली, आणि वहीतली सोपी वाट धरली असती तर चार काय, सहाही वाजले असते. एकच मार्ग उरला, धनगरवाड्याच्या खिंडीचा. पानावर ख ख ख ख अशी रांग होती. चिटणीसाने ती पाहिली आणि विचारलं, "हे सगळं खांद्यावर?" मी म्हणाले, "मधी एक उ हाय." तो म्हणाला, "देव दयाळू आहे."

अर्ध्या खिंडीत सहखजिनदारांच्या पोटरीत गोळा आला. ते जाड होते, सज्जन होते, आणि दगडावर बसून म्हणाले की मी आता सडकेला उतरतो, एखादा ट्रक मिळेल, तुम्ही पुढे व्हा. खजिनदारही त्यांच्यासोबत जायला लगेच तयार झाले. बारातून दोन. माझ्या डोळ्यांपुढे साहेबांचं टेबल आलं आणि त्यावर ठेवलेली वही.

"सर, तुमी फक्त चाला," मी म्हणाले. "सायकल मी नेते." त्यांची सायकल खांद्यावर घातली. ती हलकी होती, आबांच्या सायकलपुढे तर सुपासारखी. खिंडीच्या डोक्यावर ठेवली, पळत खाली आले, आपली काळी उचलली. सहखजिनदार माझ्याकडे बघतच राहिले. मग उठले आणि लंगडत चढायला लागले, कारण त्यांच्यासाठी दोनदा चढणाऱ्या मुलीसमोर बसून राहणं त्यांना जमलं नाही. खजिनदारांनी ट्रकचा विषय पुन्हा काढला नाही.

खिंडीपलीकडे चार झोपड्यांचा धनगरवाडा. काळं कुत्रं आलं, वहीत लिहिल्याप्रमाणे, आणि वहीत लिहिल्याप्रमाणेच नुसतं भुंकलं. ठकूबाई म्हणून एक म्हातारी बाहेर आली. तिने बारा घामाघूम पुणेकर पाहिले, मग मला पाहिलं. "तापवाल्याची न्हवं तू? बाप कुटंय?"

"ताप आलाय त्यास्नी."

म्हातारीला हसू आवरेना. "त्येला आला? बरं झालं. गोळी गिळली का बघ नीट, जिबंखाली ठिवली असंल." मग आत जाऊन ताकाची कळशी घेऊन आली. लोक ताक पीत होते, तेव्हा अध्यक्ष झोपडीच्या दारापाशी वाकून काहीतरी वाचत होते. दाराची फळी त्यांनी बाजूला ओढली. मागच्या सारवलेल्या भिंतीवर आबांच्या सह्या. एकीखाली एक, सुबक, बारीक अक्षरात, तारखांसह. वर जागा संपली तसं खालून पुन्हा सुरुवात केलेली. अध्यक्ष बोटाने तारखा मोजत खाली आले आणि थांबले.

"आषाढ-श्रावणात पण येतो हा? या वाटेने? त्या पावसात?"

ठकूबाईने त्यांच्याकडे येडा असल्यासारखं पाहिलं. "ताप काय पाऊस बघून येतुया व्हय?"

अध्यक्ष हा बोलणारा माणूस. दिवसभरात त्यांनी दगडांनाही सोडलं नव्हतं. त्या भिंतीसमोर मात्र त्यांनी उपाध्यक्षांकडून नकाशाची नळी घेऊन भिंतीला टेकवून ठेवली आणि सरळ उभे राहिले, फोटोला उभे राहतात तसे नाही, दुसऱ्या कशाला तरी. त्या सह्या मी चार वर्षं पाहत होते. वाचल्या मात्र त्या दिवशी.

पाचच्या सुमारास आम्ही पायथ्याच्या गावात उतरलो. सभापती एक तास थांबून गेले होते, पण हार ठेवून गेले होते. बारा हार, हिशेबाने. ते कुणी कुणाला घालायचे यावर मंडळात थोडी चर्चा झाली. शेवटी सरपंचांनी ज्याचे त्याच्या हातात दिले.

हल्ली मी बावधनला चौथ्या मजल्यावर राहते. रविवारी पहाटे खिडकीखालून सायकलवाल्यांचे जथे मुळशीकडे जातात. रंगीत कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, आणि मोबाइल त्यांना बाईच्या आवाजात डावं-उजवं सांगत असतो. मला त्यांचं वाईट वाटत नाही, बरंच वाटतं. डोंगर दिसतो आहे तोवर चढावा. फक्त कधीकधी वरून ओरडून विचारावंसं वाटतं, की बाबांनो, तुमच्या त्या यंत्रात भिंती किती आहेत?

पायथ्याच्या त्या गावातून दुसऱ्या दिवशी परत निघताना साहेबांनी ट्रक पाठवला होता. सायकली ट्रकात, माणसं ट्रकात, दमलात, आरामात या. अध्यक्षांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकामा परत लावून दिला. मग मंडळाकडे वळून म्हणाले, "सुमनच्या मागून." कुणीही हरकत घेतली नाही. खिंडीत सहखजिनदारांनी स्वतःची सायकल स्वतः उचलली, शिव्या देत, पण उचलली. उतारावर चिटणीस मोठमोठ्याने ब, ब, ब असं ओरडत होता.

आमच्या वाडीच्या वळणावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांची जीप अंगणात उभी होती. रिकामा ट्रक परत गेल्यावर ते स्वतः मोजायला आले होते. आबा वाकळ पांघरून सडकेच्या कडेला धोंड्यावर बसलेले, ताप उतरलेला, तोंड सुकलेलं. मी पुढे होते. मी त्यांच्यापुढून गेले तरी त्यांची नजर माझ्यावर ठरली नाही, माझ्या मागे गेली. ते मोठ्याने मोजायला लागले. "एक. दोन. तीन." अध्यक्ष त्यांच्यासमोर येताच सायकलवरून उतरले आणि पुढे चालत गेले. बसून जाणं त्यांना बरं वाटलं नसावं. मग पाठचेही उतरले. "नऊ. धा. अकरा." सहखजिनदार सगळ्यात शेवटी वळणावर दिसले. आबा थांबले, ते जवळ येईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "बारा."

साहेबांनी मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आई दारातून धावत आली होती. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, सोललेले खांदे बघितले आणि आबांवर कडाडली, "बाराच मोजलं? आपली पोर दिसली न्हाई व्हय?"

"दिसली की," आबा म्हणाले. ते वाकळ सावरत उठले आणि घराकडे चालायला लागले. "म्होरं हुती. नेणाऱ्याला मोजत न्हाईत."